घरात वटवाघूळ शिरलं तर: खिडकी उघडण्याआधी विचारायचा प्रश्न आणि त्यानंतरची कामं

मे महिन्यात मराठवाड्यातलं घर रात्री बंद राहत नाही. दारं-खिडक्या सताड उघड्या असतात आणि लाइट गेली की माणसं बाजा उचलून अंगणात नाहीतर माळवदावर जातात. लाइट असली की ट्यूबभोवती किडे जमतात आणि त्या किड्यांमागे लहान वटवाघूळ आत येतं. पुष्कळ घरांत मग एकच गोष्ट घडते. आरडाओरडा होतो, कोणीतरी झाडू उचलतं, वटवाघूळ खाली पडतं, ते सुपलीत भरून उकिरड्यावर फेकतात आणि सगळे पुन्हा झोपतात. ते येण्याआधी खोलीत कोण झोपलं होतं, किती वेळ झोपलं होतं आणि ते कोणाच्या अंगावर बसलं होतं का, हे कोणी विचारत नाही. खरं तर तेवढंच विचारायचं असतं, आणि तेही खिडकी उघडण्याआधी.

कारण आहे रेबीज. भारतात रेबीजने जाणारी बहुतेक माणसं कुत्र्याच्या चाव्याने जातात. वटवाघळापासून माणसाला रेबीज झाल्याचं आपल्या देशात पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण नागालँडमध्ये तपासलेल्या वटवाघळांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडीज) सापडली आहेत, परदेशात वटवाघळाच्या चाव्याने माणसं दगावली आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी झालेला थेट संपर्क सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत धरते. लक्षणं दिसू लागली की रेबीजवर इलाज राहत नाही. लस मात्र सुरक्षित आहे आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. धोका लहान असला तरी एकदा चूक झाली की ती सुधारता येत नाही, म्हणून पुढचा सगळा सल्ला सावधगिरीकडे झुकलेला आहे.

पहिली पाच मिनिटं

सगळ्यात आधी छताचा पंखा बंद करा. पात्याचा मार बसलेलं वटवाघूळ थेट माणसांच्या अंगावर पडतं, आणि जखमी जनावर चावतंच. मग लेकरं, म्हातारी माणसं आणि कुत्री-मांजरं यांना खोलीबाहेर काढा. आतल्या खोल्यांकडे जाणारं दार लावा आणि दाराखाली फट असेल तर तिथे चादर कोंबा. वटवाघूळ खोलीच्या मध्यावर खाली झेप घेतं आणि भिंतीपाशी वर चढतं, म्हणून मध्ये उभं न राहता भिंतीला लागून थांबा. डोक्यावर पदर किंवा गमछा घेतला तरी चालेल. ते केसात अडकायला येत नाही, बाहेर पडायची वाट शोधत फिरत असतं.

झाडू, काठी, डास मारायची इलेक्ट्रिक बॅट यांतलं काहीही उचलू नका. मारण्याच्या नादात माणूस त्याच्या जवळ जातो, हात लागतो आणि तोपर्यंत नसलेला संपर्क तिथेच घडतो. शिवाय डोकं चेंगरलं तर रेबीजची तपासणी होऊ शकत नाही, कारण ती मेंदूवर करतात.

आता प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत बाहेरची खिडकी-दार बंदच ठेवा, कारण संपर्क झाला असेल तर वटवाघूळ तपासणीसाठी लागू शकतं.

संपर्क झाला का?

नुसतं "चावलं का?" असं विचारून भागत नाही. आपल्या घरांत शिरणारी वटवाघळं बहुधा लहान जातीची असतात. पुष्कळ ठिकाणी त्यांना पाकोळ्या म्हणतात. वजन जेमतेम ४ ते ८ ग्रॅम आणि दात सुईच्या टोकाएवढे. असा चावा डास किंवा मुंगी चावल्यासारखा वाटतो, रक्त येईलच असं नाही, आणि सकाळपर्यंत खूणही उरत नाही. वड, पिंपळ, चिंचेवर लटकणारं मोठं फळं खाणारं वटवाघूळ किलोभराचं असतं. त्याचा चावा लपत नाही, पण ते घरात क्वचितच येतं.

म्हणून प्रत्येकाला वेगळं विचारा: अंगाला काही लागलं का, काही बसलं का, तुम्ही हाताने झटकलं का, उचललं का, पायाखाली आलं का. उघड्या हाताने धरलं असेल तर "चावलं नाही" असं ठामपणे सांगणाऱ्यालाही संपर्क झालाच असं समजा. नखांचा ओरखडा, अंगावर आधीच असलेल्या जखमेला लागलेली लाळ, डोळ्यात किंवा तोंडात उडालेली लाळ हेही संपर्कात मोडतं.

ज्यांना विचारून उपयोग नाही त्यांचा विचार अधिक काळजीने करा. गाढ झोपलेला माणूस, तान्हं बाळ, बोलता न येणारं लेकरू, दारूच्या नशेत पडलेला माणूस, अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, मतिमंद व्यक्ती: यांतलं कोणी झोपेत असताना त्या खोलीत वटवाघूळ सापडलं आणि ते किती वेळ तिथे होतं हे सांगता येत नसेल, तर खूण दिसो न दिसो, डॉक्टरांकडे जायचं. मच्छरदाणी नीट खोचलेली होती, वटवाघूळ बाहेर होतं आणि मच्छरदाणीला भोक नव्हतं, असं असेल तर धोका नाही.

लेकरं मार बसेल म्हणून बोलत नाहीत. "तू काय केलंस?" असं विचारण्याऐवजी "तुला ते कुठे लागलं, दाखव बरं" असं विचारा. मग बॅटरीच्या उजेडात अंग तपासा: बोटांची टोकं, तळहात, कानामागे, मान, ओठ, डोक्याची त्वचा, पावलं. दोन बारीक ठिपके किंवा ताजा ओरखडा दिसला तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कशाने रेबीज होत नाही हेही सांगायला हवं, कारण नुसत्या भीतीनेच रात्र जागून काढणारे खूप असतात. वटवाघूळ डोक्यावरून उडून गेलं, तुम्ही जागे होता आणि अंगाला लागलं नाही, तर लसीची गरज नाही. त्याची विष्ठा किंवा लघवी अंगावर पडली तर साबणाने धुवा, त्याने रेबीज होत नाही. दौलताबादच्या अंधारी वाटेतून किंवा वेरूळच्या एखाद्या लेण्यातून लटकलेल्या वटवाघळांखालून चालत गेलात, तर तो संपर्क नव्हे. तिथे खाली पडलेलं पिल्लू लेकराने उचललं, तर तो संपर्क.

संपर्क नसेल तर

काम सोपं आहे. खोलीतले दिवे बंद करा म्हणजे किडे पांगतील. बाहेर उघडणारी दारं-खिडक्या पूर्ण उघडा, पडदे सारा, ओसरीचा दिवाही मालवा. तुम्ही बाहेर थांबून दार ओढून घ्या. बहुतेक वेळा अर्ध्या तासात ते आपणहून निघून जातं. दिवस असेल तर ते पडद्यामागे, फोटोच्या फ्रेममागे किंवा कडीपाटाच्या फटीत लपून बसतं. तसंच राहू द्या आणि दिवस मावळल्यावर खिडकी उघडा.

भिंतीवर बसलं असेल तर डब्याने काढता येतं. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगसाठी चामड्याचे हातमोजे मिळतात, तेच वापरा. रबरी किंवा कापडी मोजे दात अडवत नाहीत. प्लास्टिकचा रुंद तोंडाचा डबा त्याच्यावर अलगद टेकवा आणि भिंत आणि डबा यांच्यामधून जाड पुठ्ठा सरकवा. डबा बाहेर नेऊन झाडाच्या खोडापाशी किंवा उंच भिंतीवर आडवा ठेवून उघडा. लहान वटवाघळाला जमिनीवरून उडायला कष्ट पडतात, उंचावरून ते सहज उडतं.

संपर्काची शंका असेल तर

अंगावर चावा किंवा ओरखडा असेल तर आधी त्या जागेकडे बघा, वटवाघळाचं नंतर.

वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं, आणि ती मोबाइलच्या घड्याळावर मोजायची. न मोजता धुणारा माणूस दोन मिनिटांतच थांबतो. नळाला पाणी नसेल, आणि उन्हाळ्यात पुष्कळ गावांत ते नसतंच, तर एकाने तांब्याने सतत धार धरायची आणि दुसऱ्याने साबण लावायचा. घागरभर पाणी लागतं, तेवढं खर्च करा. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, डिटर्जंट काहीही चालेल. साबणाने या विषाणूचं तेलकट आवरण फुटतं, त्यामुळे हे धुणं हा उपचारच आहे. जोरात घासू नका, घासल्याने जखम उकलते. नंतर घरात असेल तर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. डोळ्यात किंवा तोंडात लाळ गेली असेल तर नुसत्या स्वच्छ पाण्याने तेवढाच वेळ धुवा, साबण नको.

जखमेवर हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू, तेल, झाडपाला, डिंकाची पट्टी असलं काही लावू नका. त्याने विषाणू मरत नाही. जागा चिघळते, आणि दवाखान्यात त्याच जागी इंजेक्शन द्यायचं असल्याने अडचण होते. घट्ट पट्टी बांधू नका. डॉक्टरही अशा जखमेला शक्यतो टाके लगेच घालत नाहीत.

मग वटवाघूळ. चामडी मोजे घालून, डबा-पुठ्ठ्याच्या पद्धतीने, ते कोणाला पुन्हा चावणार नाही अशा बेताने पकडता येत असेल तर पकडा. डब्याला हवा जाईल अशी बारीक भोकं पाडा, झाकण दोरीने बांधा आणि डबा सावलीत, लेकरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. मेलं असेल तर एकात एक दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. खाण्याच्या फ्रीजमध्ये नको, आणि गोठवायचंही नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नमुना कुठे पाठवायचा ते पशुसंवर्धन खात्याचे अधिकारी सांगतील. ही तपासणी तालुक्याला होत नाही. मेंदूचा नमुना मोजक्याच प्रयोगशाळांत जातो आणि अहवालाला दिवस लागतात. म्हणून आमचं मत असं: वटवाघूळ सहज हाती लागलं तर ठेवा, पण त्याच्या मागे धावून दुसरा चावा ओढवून घेऊ नका, आणि अहवालासाठी लस एक दिवसही थांबवू नका.

इथे एक गैरसमज जीवघेणा आहे. कुत्रं चावल्यावर "१० दिवस नजर ठेवा" असं सांगितलं जातं. तो नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी आहे. वटवाघूळ १० दिवस डब्यात जिवंत राहिलं म्हणून त्याला रेबीज नव्हता असं ठरत नाही.

दवाखान्यात

त्याच दिवशी जा. रात्रीची वेळ असेल आणि जखम धुऊन झाली असेल तर सकाळी पहिल्या वेळेला चालेल. चेहरा, डोकं, मान किंवा बोटं यांना चावा असेल तर मात्र रात्रीच निघा. या भागांत मज्जातंतूंचं जाळं दाट असतं, आणि डोक्याच्या जवळच्या जखमेपासून मेंदूपर्यंतचं अंतरही कमी. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

उशीर झाला असला तरी जायचंच. रेबीजची लक्षणं दिसायला बहुधा १ ते ३ महिने लागतात, कधी एखादा आठवडा तर कधी वर्षाहून जास्त. "आठ दिवस झाले, आता काय उपयोग" हा विचार चुकीचा आहे. दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट आज लक्षात आली तरी आजच लस सुरू करा.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा ग्रामीण रुग्णालयापासून करा. लस तिथे मिळते. पण वटवाघळाचं नाव काढलं की कधी कधी "त्याला काही लागत नाही" असं ऐकून परत यावं लागतं, नाहीतर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन बोळवण होते. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजची लस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखम असेल तर दोन्ही लागू शकतात, पण एकाने दुसरीचं काम होत नाही. डॉक्टरांशी वाद घालू नका, माहिती नेमकी द्या. एका कागदावर लिहून न्या: तारीख आणि वेळ, कोण कुठे झोपलं होतं, वटवाघूळ अंगाला कुठे लागलं किंवा उघड्या हाताने धरलं का, खूण कुठे आहे, किती वेळ धुतलं, पूर्वी रेबीजची लस घेतली आहे का आणि केव्हा. मग सरळ विचारा (इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे जखमेत भरायची तयार प्रतिपिंडं, त्याबद्दल पुढे येतंच): "जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाचा थेट संपर्क तिसऱ्या श्रेणीत धरते, मग आम्हाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन लागेल का?" अशा प्रश्नाला नीट उत्तर मिळतं. तरी शंका राहिली तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठा. संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ, लातूरला विलासराव देशमुख, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण रुग्णालय आहे.

लस दोन प्रकारे देतात. सरकारी दवाखान्यांत बहुधा कातडीत देतात: ०.१ मिली दोन्ही दंडांवर एकेक, अशा ४ फेऱ्या, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पहिलं इंजेक्शन घेतलं तो दिवस शून्य, चावा बसला तो नव्हे. ५ जूनला सुरुवात केली तर पुढच्या तारखा ८ जून, १२ जून आणि ३ जुलै. खासगीत बहुधा स्नायूत देतात: एकेक पूर्ण डोस, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, म्हणजे ५, ८, १२, १९ जून आणि ३ जुलै. सुरू केलेली पद्धत शेवटपर्यंत तीच ठेवा.

कातडीत दिलेल्या लसीचा छोटा फुगवटा लगेच उठतो आणि वरची त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसते. फुगवटा उठला नाही तर सुई खोल गेली. अशा वेळी शेजारी पुन्हा द्यायला हवी, आणि हे नर्सताईंच्या तिथल्या तिथे लक्षात आणून देण्यात काही गैर नाही. लस दंडातच घ्यायची, दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथल्या चरबीत लसीचा परिणाम कमी होतो.

खासगी मेडिकलमधून लस विकत घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. ती २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. बाहेर ४२ अंश असताना खिशात किंवा मोटारसायकलच्या डिकीत अर्धा तास फिरवलेली लस वाया गेली असं समजा. लहान थर्मासमध्ये थंड पॅक ठेवून न्या, पण कुपी थेट बर्फाला टेकू देऊ नका, गोठलेली लसही वापरू नये. दवाखान्यातच लस असेल तर हा खटाटोप लागत नाही.

लसीला शरीरात प्रतिपिंडं तयार करायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. मधल्या काळात संरक्षण देतं ते इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. ते दंडात द्यायचं नसतं. जखमेत आणि तिच्या भोवती जेवढं मावेल तेवढं भरायचं असतं. ते दुखतं, विशेषतः बोटात, पण तिथेच त्याचं काम आहे. मानवी इम्युनोग्लोब्युलिनची कमाल मात्रा वजनाच्या दर किलोला २० एकक, घोड्यापासून केलेल्याची ४० एकक. ६० किलोच्या माणसाला हे अनुक्रमे १२०० आणि २४०० एकक होतं. बारीक चाव्याला याच्यापेक्षा खूप कमी लागतं. आता काही ठिकाणी त्याऐवजी प्रयोगशाळेत तयार केलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडंही देतात. जखमच दिसत नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं की नाही आणि कुठे, हे डॉक्टर ठरवतील.

ग्रामीण रुग्णालयात इम्युनोग्लोब्युलिन नसेल तर लस तिथेच त्याच वेळी सुरू करा आणि चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला जा. पहिल्या लसीनंतर ७ दिवसांपर्यंत ते घेता येतं, त्यानंतर घेण्यात अर्थ नाही. पूर्वी रेबीजचा पूर्ण कोर्स झाला असेल आणि त्याचा कागद असेल, तर फक्त ० आणि ३ व्या दिवशी लस, इम्युनोग्लोब्युलिन नाही. म्हणून जुनी कार्डं फेकू नयेत.

गरोदर बाई, बाळाला पाजणारी आई आणि तान्हं बाळ या सगळ्यांना लस देता येते. स्टेरॉइड, कॅन्सरची औषधं किंवा एचआयव्हीचा उपचार चालू असेल तर आधी सांगा, डॉक्टर वेळापत्रक बघून ठरवतील. वांगं, मटण, आंबट यांचं पथ्य पाळायची काही गरज नाही. पोटात १४ इंजेक्शनं द्यायची ती जुनी लस भारतात २००४ अखेर बनायची थांबली, पण तिच्या भीतीने आजही माणसं दवाखाना टाळतात. घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर तीच अडवतात.

सर्वांत जास्त चूक होते ती शेवटच्या फेऱ्यांना. दोन इंजेक्शनं झाली, हात दुखला, पेरणीची घाई आली, आणि माणूस थांबतो. एखादी तारीख चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, उरलेल्या फेऱ्या पुढे चालू ठेवायच्या. दंड सुजणं, एक-दोन दिवस बारीक ताप, अंगदुखी हे होतं, त्यासाठी पॅरासिटामॉल चालतं.

कुत्रं आणि मांजर

मांजर वटवाघूळ तोंडात धरून आणतं, हे बहुतेकांनी पाहिलं असेल. ते तिच्या तोंडातून हाताने काढू नका. मांजर-कुत्र्याने वटवाघूळ पकडलं किंवा चावलं असेल तर पशुवैद्यकाला दाखवा. आधी लस झालेली असेल तर लगेच पुन्हा एक डोस देतात, झालेली नसेल तर पूर्ण उपचार आणि बंदिस्त ठेवणं लागतं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

विष्ठा आणि उष्टी फळं

विष्ठेने रेबीज होत नाही, पण जुन्या वाळलेल्या ढिगाच्या धुळीतून फुफ्फुसाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. वाड्याच्या माडीवर किंवा पडक्या गढीत वर्षानुवर्षं साठलेला थर कोरड्या केरसुणीने झाडू नका. आधी पाणी शिंपडून पूर्ण भिजवा, मग १ भाग घरगुती ब्लीच आणि ९ भाग पाणी असं मिश्रण टाकून १० मिनिटं थांबा. नंतर फावड्याने भरून पिशवीत बांधा. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा, खिडक्या उघडा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो.

वटवाघळाने कुरतडलेला पेरू, चिकू, सीताफळ, आंबा खालून उचलून "एवढाच भाग कापून टाकू" म्हणत लेकरांना देऊ नका. अख्खं फळ टाका. उघड्या मडक्यात साठलेली ताजी शिंदीची कच्ची नीराही टाळा. निपाह विषाणू याच मार्गाने पसरू शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये त्याच्या खुणा सापडल्या आहेत. दमा किंवा सांधेदुखीवर औषध म्हणून वटवाघूळ पकडून शिजवणं किंवा त्याचं तेल काढणं हा तर सरळ सरळ हाताळण्याचा संपर्क आहे.

पुन्हा येऊ नये म्हणून

वाट शोधायची ती संध्याकाळी. सूर्य मावळल्यापासून अर्धा-पाऊण तास अंगणात उभं राहून छताकडे बघत राहा, वटवाघळं कुठून बाहेर पडतात ते दिसतं. दिवसा त्या जागेखाली भिंतीवर तेलकट काळा डाग आणि तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या दिसतात. बोटाने दाबल्या की त्यांचा चुरा होतो आणि किड्यांचे चमकते तुकडे निघतात. उंदराच्या लेंड्या तशा फुटत नाहीत. दाबून बघताना प्लास्टिकची पिशवी हातात घाला.

लहान वटवाघळाला अर्ध्या इंचाची फट पुरते. पत्र्याच्या घरात ती भिंतीच्या माथ्यावर, पन्हळीच्या खाचांत असते. माळवदात तुळई आणि भिंत यांच्या सांध्यात, स्लॅबच्या घरात रोलिंग शटरच्या पेटीत आणि कूलरसाठी काढलेल्या खिडकीच्या रिकाम्या चौकटीत.

ती फट वटवाघळं आत असताना बुजवू नका. आत कोंडलेली वटवाघळं मरून दुर्गंधी येते, किंवा ती खोलीत उतरतात, आणि मग ज्याची भीती होती तेच होतं. फटीवर प्लास्टिकची बारीक जाळी वरून आणि दोन्ही बाजूंनी खिळ्यांनी ठोका, खालची कड दीड-दोन फूट मोकळी लोंबू द्या. बाहेर पडणारं वटवाघूळ जाळीखालून सरकून निघतं, परतताना त्याला भोक सापडत नाही. असं सलग ५ ते ७ रात्री ठेवा, दोन संध्याकाळी काहीच निघत नाही हे बघा, मग फट पक्की बुजवा. भिंतीच्या भेगेला सिमेंट, पन्हळीला फोम पट्टी, मोठ्या जागेला पाव इंची तारेची जाळी.

आतून बारीक चिवचिव ऐकू येत असेल किंवा बिनकेसाची पिल्लं खाली पडत असतील तर दीड महिना थांबा. पिल्लं उडू लागल्याशिवाय ही जाळी लावली तर माद्या बाहेर अडकतात आणि पिल्लं आत मरतात. तोवर त्या खोलीचं छत प्लास्टिकच्या ताडपत्रीने आतून बंद करा आणि लेकरांना दुसरीकडे झोपवा.

डांबर गोळ्या, धूर, मिरचीची धुरी यांनी ती घाबरून सैरावैरा आत शिरतात, म्हणून ते करू नका. झाडावरची वसाहत फटाके लावून उठवू नका. फळं खाणारी वटवाघळं पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, २०२२ च्या वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीने ती यादीच गेली आहे. वसाहतीचा खरंच त्रास असेल तर वनविभागाला १९२६ वर कळवा. शेतकऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की छतातलं हे लहान वटवाघूळ रोज रात्री डास आणि पिकावरच्या किडी खातं. ते अंगणात, गोठ्याबाहेर फिरत असेल तर तसंच फिरू द्या.

झोपायची खोली मात्र बंद हवी. खिडक्यांना डासांची जाळी, दाराखाली रबरी पट्टी, उघड्यावर बाज टाकत असाल तर चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. बाळाच्या पाळण्यावरही वेगळी मच्छरदाणी लावा आणि महिन्यातून एकदा तिला उजेडासमोर धरून भोकं तपासा.